चमत्काराची घडणावळ
जादूच्या वस्तू, त्यांची किंमत आणि घरचे नियम

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून तीन पातळ पुस्तिकांचा एक संच प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे लेखक, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण जग उभे करतो. त्या जगातले राजे, राक्षस, दुकानदार आणि पाऊसपाणी तोच सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, ते पात्र काय करते हे बोलून सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. जग सांभाळणाऱ्याला मूळ खेळात 'डंजन मास्टर' म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणेन, कारण संस्कृत नाटकातल्या सूत्रधारासारखाच तो खेळाच्या आतही असतो आणि बाहेरही.

संचातल्या पहिल्या पुस्तिकेत, जादूगारांच्या वर्णनात, एक छोटी यादी येते. पुरेशी वरची पातळी गाठलेला जादूगार जादूच्या वस्तू स्वतः बनवू शकतो, आणि त्याचा खर्च असा: जखमा भरून काढणारे औषध, २५० सुवर्णमुद्रा आणि एक आठवडा. वीस मंत्रसिद्ध बाण, १,००० मुद्रा आणि चार आठवडे. थंडीचा झोत सोडणारी कांडी, १०,००० मुद्रा आणि सहा महिने. भिंतीपलीकडचे दाखवणारी अंगठी, ५०,००० मुद्रा आणि एक वर्ष. अशा आणखी दोनतीन ओळी, आणि यादी संपते. उरलेल्या वस्तूंचे काय, सामान कुठून आणायचे, काम फसले तर काय, याविषयी पुस्तिका गप्प आहे. संचाच्या अखेरीस लेखक वाचकाला सांगतात की पुढची कल्पना तुमची तुम्ही करा.

या मौनातून जे जन्मले तो माझ्या लेखाचा विषय आहे. छापील नियम अपुरा, चुकीचा किंवा नीरस वाटला की खेळणारी मंडळी आपापसांत जो नियम ठरवतात त्याला या खेळात 'हाउस रूल' म्हणतात. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. मेंढीकोट खेळायला मामाच्या घरी बसलो की पहिल्याच डावाला कोणीतरी म्हणते, 'आमच्याकडे असं नाही खेळत.' हा घरचा नियम. मात्र पत्त्यांतला घरचा नियम फक्त डाव बदलतो. जादूच्या वस्तू घडवण्याचा घरचा नियम त्या जगात श्रमाला, पैशाला, काळाला आणि त्यागाला काय किंमत आहे हे ठरवतो. म्हणून त्याच्याकडे मी एक प्रकारची समीक्षा म्हणून पाहतो: नियमग्रंथाचे खेळणाऱ्यांनी केलेले वाचन, आणि त्यावर नोंदवलेला आक्षेप.

आपल्या सराफाच्या बिलात दोन ओळी वेगळ्या असतात. एक सोन्याच्या वजनाची, दुसरी घडणावळीची. दागिना मोडायला नेला की वजनाचे पैसे परत मिळतात, घडणावळ बुडते. जादूच्या वस्तूच्या बाबतीत प्रश्न हाच आहे: तिची घडणावळ कशात मोजायची?

गोष्टींतला हिशेब

खेळाच्या आधी गोष्टी होत्या, आणि गोष्टींत जादूच्या वस्तू सहसा बनवल्या जात नाहीत, त्या मिळतात. 'कथासरित्सागरा'तल्या पुत्रकाला उडवणाऱ्या पादुका, लिहिलेले खरे करणारी काठी आणि हवे ते अन्न देणारे भांडे मिळते, ते मयासुराच्या भांडणाऱ्या दोन मुलांना शर्यतीला लावून. त्या वस्तू कोणी, किती दिवसांत, किती खर्चून घडवल्या हे विचारावेसे श्रोत्याला वाटत नाही. जिथे घडवणे येते तिथे किंमत अंगावर येते. वज्रासाठी दधीचीला आपली हाडे द्यावी लागतात. टोल्कीनच्या कथेत साउरॉन अंगठी बनवतो तेव्हा आपल्या सामर्थ्याचा मोठा वाटा तिच्यात ओततो. म्हणूनच अंगठी वितळताच तोही संपतो. त्याच लेखकाच्या फेआनोरला सिल्मरिल रत्ने दुसऱ्यांदा घडवता येत नाहीत, कारण त्यांत जे गेले ते पुन्हा त्याच्यापाशी नाही. मायकेल मूरकॉकच्या एल्रिकची काळी तलवार धन्याला बळ देते, पण ते बळ मेलेल्यांच्या आत्म्यांतून येते आणि त्यांत धन्याची प्रिय माणसेही असतात.

गायगॅक्सने हे साहित्य वाचले होते. १९७९च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात त्याने प्रेरणास्थानांची जी यादी जोडली तिच्यात टोल्कीन आणि मूरकॉक दोघेही आहेत. तरीही १९७४च्या यादीत फक्त पैसा आणि काळ दिसतो. गोष्टीतली किंमत शरीरात किंवा नात्यांत मोजली जाते, खेळातली हिशेबाच्या वहीत. या दोहोंमधले अंतर भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास.

पाककृती आणि सूत्र

१९७९च्या त्या ग्रंथाने पहिले उत्तर दिले ते पाककृतीचे. दगड होण्यापासून वाचवणारा मंत्रलेख लिहायचा तर त्याच्या शाईत काय काय घालावे याचा नमुनाच तिथे दिला आहे: महाकाय माखुलाची शाई, दृष्टीने दगड करणाऱ्या बॅसिलिस्कचा डोळा, कॉकाट्रिसची पिसे, रत्नांची पूड, शिवाय भोपळ्याच्या बिया. त्या भोपळ्याच्या बियांवर मी नेहमी थांबतो. बॅसिलिस्कचा डोळा आणायचा म्हणजे जिवाशी खेळ. बिया मात्र परसातल्या. त्या दोहोंना एका भांड्यात घालणाऱ्याला जादू म्हणजे काय याची जाण होती. इतर वस्तूंची सामग्री सूत्रधाराने ठरवावी आणि खेळणाऱ्यांनी ती शोधून काढावी अशी अपेक्षा होती. म्हणजे प्रत्येक वस्तू ही एका मोहिमेची सुरुवात. आणि जादू कायम टिकवणारा जो मंत्र होता, तो आदल्या वर्षीच्या खेळाडूंच्या ग्रंथानुसार टाकणाऱ्याच्या शरीरबळातला एक गुण कायमचा घेऊन जाई. दधीचीचा हिशेब वहीत शिरला तो असा.

या पद्धतीचा दोष उघड आहे. सूत्रधार उदार असेल तर खेळाडूला तलवार लवकर मिळते, चिक्कू असेल तर कधीच नाही. सगळे त्याच्या मर्जीवर.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. तोवर खेळाची मालकी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली होती, आणि जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी नियम नव्याने बांधले. मर्जीच्या जागी सूत्र आले. वस्तूचा बाजारभाव ठरलेला. त्याच्या निम्मी रक्कम सामानाला, पंचविसावा हिस्सा बनवणाऱ्याच्या अनुभवगुणांतून वजा, आणि दर १,००० मुद्रांमागे एक दिवस. शस्त्राच्या जादूचा भाव म्हणजे त्याच्या वाढीव बळाचा वर्ग गुणिले २,०००. एक गुण वाढवणाऱ्या तलवारीची जादू २,०००ची, पाच गुण वाढवणारीची ५०,०००ची. शाळकरी पोरालाही कागदावर मांडता येईल असे हे गणित.

मी या आवृत्तीची टिंगल करणार नाही. ज्याला सूत्रधाराशी वाद घालता येत नाही, जो टेबलाच्या कोपऱ्यात बसतो, त्याला या सूत्राने हक्क दिला. नियम माझ्याकडे आहे, पैसे माझ्याकडे आहेत, तलवार होणारच. लेखी नियमाचे हे मोल गावच्या पंचांकडून कोर्टात गेलेल्या कोणालाही कळेल.

पण सूत्राने जादूचे काय केले हेही पाहायला हवे. हलक्या जखमा भरणारी, पन्नास वेळा चालणारी कांडी या हिशेबाने ७५० मुद्रांना पडे. म्हणजे एका उपचाराला १५ मुद्रा. पथके अशा कांड्या जुडीने बाळगू लागली. दोन लढायांच्या मधे कांडी काढायची, जखमा भरायच्या, पुढे निघायचे. देवाच्या कृपेने होणारा उपचार मेडिकलच्या दुकानातल्या पट्टीइतका साधा झाला. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पुढचा वार अचूक लागावा म्हणून त्यात तब्बल वीस गुणांची भर घालणारा एक अगदी प्राथमिक मंत्र होता. तो कायम चालू ठेवणाऱ्या वस्तूची किंमत त्याच ग्रंथातल्या अंदाजाच्या कोष्टकाने काढली तर येते २,००० मुद्रा. पाच गुणांना ५०,००० आणि वीस गुणांना २,०००! ग्रंथाने स्वतःच बजावले होते की हे कोष्टक म्हणजे अंदाज आहे, आधीच्या वस्तूंशी ताडून पाहा आणि मगच किंमत ठरवा. म्हणजे सूत्राच्या अखेरीस पुन्हा माणसाचा विवेक उभाच. मर्जीला मागच्या दाराने बाहेर काढले होते, ती पुढच्या दाराने आत आली.

सूत्राचे सर्वांत प्रामाणिक वाचन कोणी केले असेल तर ते कीथ बेकरने. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'एबेरॉन' या कल्पित जगात त्याने सरळ विचारले: जादूच्या वस्तू ठरलेल्या खर्चात बनवता येत असतील, तर त्या जगात कारखाने का नसावेत? एबेरॉनमध्ये रस्त्यावर जादूचे दिवे आहेत, विजेवर धावणारी आगगाडीसारखी वाहने आहेत, आणि पोटापुरता मंत्र जाणणारे कारागीर आहेत. तिथल्या एका घराण्याने युद्धासाठी लाकूड, दगड आणि धातूचे जिवंत सैनिक घडवले. युद्ध संपल्यावर तहात त्यांना स्वातंत्र्य द्यावे लागले. घडवलेली वस्तू उठून विचारते, मी कोणाची? घडणावळीच्या प्रश्नाला या खेळाच्या साहित्याने दिलेले हे सर्वांत गंभीर उत्तर मला वाटते, आणि ते नियमाने दिलेले नाही, कथेने दिले आहे.

मोडीत निघालेला चमत्कार

२००८च्या चौथ्या आवृत्तीत जादूची वस्तू बनवण्याचा विधी तासाभराचा झाला, आणि खर्च बाजारभावाइतकाच. वस्तू नको असेल तर ती विरघळवून किमतीच्या पाचव्या हिश्श्याची एक चमकती पूड मिळवता येई, आणि ती पूड दुसऱ्या वस्तूत घालता येई. ही शुद्ध मोड. आजोबांची तलवार काय आणि चोराचा खंजीर काय, भट्टीत गेले की उरते ते वजन.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने उलटा झोका घेतला. दिवसाला २५ मुद्रांचे काम होते एवढेच सांगितले आणि दुर्मिळतेप्रमाणे खर्च ठरवला. दुर्मिळ वस्तू ५,००० मुद्रांची, म्हणजे २०० दिवस. अतिदुर्मिळ ५०,०००ची, म्हणजे साडेपाच वर्षे. दंतकथेतली वस्तू ५,००,०००ची. भागाकार करून पाहिला तर २०,००० दिवस, जवळपास ५५ वर्षे. एकट्या माणसाने विशीत काम हाती घेतले तर वस्तू पंचाहत्तरीत हाती येईल. दीर्घायुषी एल्फला ते परवडेल, माणसाला नाही. नियम लिहिलेला आहे आणि तो वापरता येत नाही. हे एक प्रकारचे सभ्य नाहीच. २०१७च्या पुरवणी ग्रंथाने मुदत आठवड्यांवर आणली (दंतकथेतल्या वस्तूला ५० आठवडे आणि १,००,००० मुद्रा) आणि त्याबरोबर एक अट परत आणली: वस्तूला एखादे खास द्रव्य लागेल, आणि ते मिळवायचे तर कोणत्यातरी भयंकर प्राण्याशी गाठ घ्यावी लागेल. अडतीस वर्षांनी बॅसिलिस्कचा डोळा पुन्हा नियमात आला. या मधल्या काळात तो हरवला नव्हता. असंख्य टेबलांवर लोकांनी तो घरच्या नियमांत जपून ठेवला होता.

इतर खेळांनी वेगळ्या वाटा धरल्या त्यांचीही नोंद हवी. १९८७च्या 'आर्स मॅजिका'त जादूगार प्रयोगशाळेत बसतो आणि काळ ऋतूंत मोजला जातो. या ऋतूत काठी सिद्ध करायची की पोथी वाचायची की शिष्याला शिकवायचे? तिथे वस्तूची खरी किंमत म्हणजे न वाचलेली पोथी. 'रुनक्वेस्ट'च्या १९८४च्या आवृत्तीत वस्तू सिद्ध करणारा स्वतःच्या आत्मबळाचे गुण कायमचे त्यात ओततो. या दोन्ही खेळांत ही किंमत पैशाने चुकवता येत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

टेबलावरचा खटला

घरच्या नियमांचे साधारण तीन घराणे मला दिसतात. पहिले द्रव्याचे: जे माराल, जे शोधाल, त्यातूनच घडवा. दुसरे काळाचे: दोन मोहिमांच्या मधे पात्र काय करते याचा चोख हिशेब. तिसरे त्यागाचे: वस्तूत काहीतरी असे घाला की जे परत मिळणार नाही. पहिल्याने मोहीम मिळते, दुसऱ्याने शिस्त, तिसऱ्याने गोष्ट. साहित्याच्या वाचकाला तिसरे घराणे सर्वांत जवळचे वाटणार. मलाही वाटते. पण त्याची एक अडचण आहे, आणि ती मी पुण्यात आमच्याच टेबलावर पाहिली.

आमच्या खेळात एका मैत्रिणीचे पात्र लोहाराची मुलगी आहे. तिला असा कंदील घडवायचा होता की ज्याच्या उजेडात मेलेल्या माणसाची शेवटची वाट दिसावी. छापील हिशेबाने हे ५०० मुद्रांचे, वीस दिवसांचे काम. आमच्या घरच्या नियमाने तिला विचारले, काय घालशील? तिने बापाची हातोडी घातली. ती हातोडी पहिल्या दिवसापासून तिच्या पात्राच्या कागदावर होती, आणि तिचा फायदा ती प्रत्येक खेळात घेत होती. तिने ती ओळ खोडली. कंदील झाला, आणि सामानाचे पैसे कोणी मागितले नाहीत. सगळ्यांना ते आवडले.

एकाला सोडून. हा मुलगा फार बोलत नाही. त्याने शांतपणे म्हटले, "माझ्या तलवारीला पाच हजार लागले. तिला गोष्ट सांगता येते म्हणून तिला सूट. मला सांगता येत नाही, म्हणून मी रोख भरायचे का?"

या वाक्याला उत्तर देणे सोपे नाही. त्यागाची किंमत कोण ठरवणार? जो छान बोलतो त्याचा त्याग मोठा दिसतो. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याच्या वाट्याला बाजारभाव येतो. तिसऱ्या आवृत्तीच्या रुक्ष कोष्टकाने ज्याला संरक्षण दिले होते तो नेमका हाच खेळाडू. गोष्टीचे माहात्म्य सांगणारे आपण सगळे बोलके लोक असतो, हे आपण सोयीने विसरतो.

त्या संध्याकाळी खेळ पुढे सरकला नाही. दोन तास नियमावर बोलणे झाले. शेवटी जे ठरले ते असे. पैसे आणि दिवस सर्वांना सारखे, २०१७च्या ग्रंथाप्रमाणे. त्याखेरीज प्रत्येक वस्तूत एक परत न मिळणारी गोष्ट. ती गोष्ट मात्र घडवणाऱ्याने सुचवायची नाही. बाकीच्यांनी त्याच्या कागदावरून तीन गोष्टी निवडायच्या आणि त्यांतली एक त्याने द्यायची. बोलण्याचे ओझे अशा रीतीने इतरांवर गेले. कंदिलाचे पैसे मैत्रिणीने पुढच्या लुटीतून भरले. त्या मुलाची पुढची वस्तू ढाल होती. त्याच्या कागदावरून निवडलेल्या तीन गोष्टींत एक होती ती त्याच्या पात्राची झोप: त्या ढालीपाशी तो कधीही गाढ झोपणार नाही. त्याने तीच घेतली. कारण सांगितले नाही, आणि नियमाप्रमाणे सांगायची गरजही नव्हती.

नियम हेच वाचन

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. दोन तास नियमावर वाद घालण्यात कसला खेळ? लेखकांनी विचार करून नियम दिलेला आहे, तो पाळा आणि खेळा. खुद्द गायगॅक्सने १९७४ साली कल्पनेची मोकळीक दिली, आणि १९७९पर्यंत त्याचा सूर बदलून सगळीकडे एकसारखे नियम असावेत असा आग्रह तो धरू लागला होता. व्यवसायाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावच्या टेबलावर बसला तर त्याची तलवार तिथे चालली पाहिजे.

पण आवृत्त्यांचा हा इतिहास पुरेसा बोलका आहे. यादी, पाककृती, सूत्र, मोड, आणि मग पुन्हा पाककृती. पन्नास वर्षांत मालक बदलले, लेखक बदलले, तरी जादूच्या वस्तूची किंमत एकदाही कायमची ठरली नाही. २०२४च्या नव्या सूत्रधार-ग्रंथात दंतकथेतल्या वस्तूला २५० दिवस आणि १,००,००० मुद्रा असा हिशेब आहे, आणि तोही कोणत्यातरी टेबलावर आत्ता खोडला जात असेल. ही अडचण लेखकांच्या कुवतीची नाही. किंमत आधीच पूर्ण कळली तर चमत्कार माल होतो. मुळीच कळली नाही तर तो कोणाच्यातरी मेहरबानीवर राहतो. छापील ग्रंथ अनोळखी लाखोंसाठी लिहिलेला असल्याने त्याला या दोन टोकांपैकी एकाकडे झुकावेच लागते. पाच जणांच्या टेबलाला तशी सक्ती नसते, कारण तिथे कोण गप्प बसतो आणि कोण फार बोलतो हे सर्वांना माहीत असते.

म्हणून या खेळांचा अभ्यास करणाऱ्याने छापील ग्रंथांइतकेच लक्ष त्यांच्या समासांकडे द्यावे असे मी सुचवीन. जुन्या प्रती मिळाल्या तर त्यांत पेन्सिलीने खोडलेले आकडे पाहावेत, बदललेले दिवस पाहावेत. कोणत्या टेबलाने पैसा कमी केला, कोणी काळ वाढवला, कोणी शरीरबळाचा तो एक गुण रद्द केला आणि कोणी जपला. प्रत्येक खोडण्यामागे कोणीतरी म्हटलेले असते, हे न्याय्य नाही. किंवा, हे फार स्वस्तात झाले. आमच्या प्रतीत त्या पानावर आता पाच जणांच्या सह्या आहेत, आणि खाली त्या मुलाच्या बारीक अक्षरात एक पुस्ती आहे: हा नियम बदलायचा असेल तर आधी सर्वांत कमी बोलणाऱ्याला विचारावे.